तिसऱ्या पाळीनंतरचं ताट

हे शक्यतो दोघांनी मिळून वाचावं. एकानं सावकाश वाचायचं, दुसऱ्यानं डोळे मिटून ऐकायचं. नवरा-बायको असा, मायलेकी असा, एका रूमवर राहणारे मित्र असा किंवा एकाच लाइनवर शेजारी उभे राहणारे असा. जवळ कोणी नसेल तर एकट्यानं वाचा, पण मनात एक माणूस आणा, ज्याची तब्येत सुधारावी असं तुम्हाला मनापासून वाटतं, असा. प्रत्येक परिच्छेदानंतर तीन-चार श्वास थांबा. ऐकता ऐकता झोप लागली तर झोपा. निगडीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात झोप फार थोड्यांना पुरते, आणि वजनाचा विषय बऱ्याचदा झोपेपासूनच सुरू होतो.

बसा. खुर्चीवर, सतरंजीवर, कॉटच्या कडेला, कुठेही. सेफ्टी शूज काढले नसतील तर काढा. मोजेही काढा. आठ तास उभ्यानं काम केलेल्या पायांना फरशीचा गारवा लागू द्या. बोटं हलवा. खांदे खाली सोडा. दात एकमेकांवर आवळलेले असतील तर जबडा सैल करा.

आता पोट. फोटो काढताना, लग्नात, कंपनीच्या वार्षिक तपासणीत टेप गुंडाळला जाताना आपण पोट आत ओढतो. इथे ओढायचं कारण नाही. सोडून द्या. उजवा हात पोटावर ठेवा. श्वास आत येतो तसा हात वर येतो, श्वास बाहेर जातो तसा खाली जातो. हे पोट जेवढं आहे तेवढं हाताखाली असू द्या. त्याला लगेच कमी करायला निघू नका. थोडा वेळ नुसता हात ठेवा.

मग स्वतःला विचारा, आत्ता भूक आहे का?

उत्तराची घाई करू नका. भूक असेल तर ती नेमकी कुठे जाणवते ते बघा. पोटाच्या वरच्या भागात ओढल्यासारखं होतं का? तोंडाला पाणी सुटलंय का? डोकं जड आहे का? की भूक नाहीच, फक्त जेवायची वेळ झाली आहे? हा फरक ऐकायला सोपा वाटतो, पण आपल्या भागात तो ओळखणं अवघड झालंय. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी आली, आणि मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड करत कारखाने चाकणच्या पठारापर्यंत पोचले. शेतावर न्याहारी कधी आणि जेवण कधी हे ऊन आणि काम ठरवायचं. इथे ते बेल ठरवते. अर्ध्या तासाच्या सुट्टीत हात धुणं, रांग, ताट, जेवण आणि परत जागेवर. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि ती पोचायच्या आत आपण पुन्हा मशिनपाशी उभे असतो. वर्षानुवर्षं असं जेवल्यावर भूक कशी असते हे विसरायला होतं. यात कुणाची हाव नाही. तो सराव आहे, आणि दुसरा सराव करता येतो.

रात्रपाळीतले पहाटेचे तीन आठवा. तुम्ही रात्रपाळी करत नसाल तर घरातल्या करणाऱ्याची आठवण काढा. जेवण होऊन बराच वेळ झालाय, पण पोट रिकामं नाही. डोळे जड झालेत. मशिनचा आवाज दुरून आल्यासारखा वाटतो. अशा वेळी हात चहाकडे जातो, चहाबरोबर क्रीमच्या बिस्किटांकडे, नाहीतर सामोशाकडे. झोप अपुरी पडली की शरीरात भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि तृप्तीची खबर देणारं लेप्टिन कमी होतं. त्यात भर म्हणजे दिवसा खाल्लेल्या जेवणानं रक्तातली साखर जेवढी चढते, त्याहून तीच थाळी रात्री खाल्ली तर जास्त चढते. शरीराचं घड्याळ कंपनीच्या वेळापत्रकावर चालत नाही. तेव्हा पहाटे तीनला जे हवंसं वाटलं ती बहुतेक झोप होती. मनातल्या मनात तिला तिच्या नावानं हाक मारा. ‘ही झोप आहे.’ पुढच्या वेळी हात पुढे जाईल तेव्हा हे एक वाक्य आठवलं तरी पुरे. कधी बिस्कीट तरीही खाल्लं जाईल. जाऊ द्या. झोपेला झोप म्हणून ओळखलंत, एवढं काम त्या रात्री झालं.

थांबा. श्वास घ्या. वाचणाऱ्यानंही.

आता समोर खायला काहीतरी घ्या. भाकरीचा एक तुकडा आणि चाकणच्या बाजारातल्या कांद्याची एक फोड मिळाली तर उत्तम. नसेल तर चार शेंगदाणे चालतील. तुकडा हातात धरा. त्याचं वजन, त्याचा खरखरीतपणा, तव्यावर पडलेला काळा डाग बघा. वास घ्या. तोंडात टाका, आणि लगेच चावू नका. मग चावायला लागा. ज्वारीची भाकरी सुरुवातीला पिठूळ लागते आणि चावत गेलं की हळूहळू गोड होते. ही गोडी पहिल्या चार चावण्यांत येत नाही. ती येईपर्यंत दुसरा घास उचलू नका. मोबाइल उलटा करून ठेवा. मेसवर जेवणाऱ्या पोरांना हे जमणार नाही असं कुणी म्हणेल. मला वाटतं त्यांनाच जास्त जमेल. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी इथे रूम घेऊन राहणारी ही मुलं घरापासून लांब आहेत. आईच्या हातची भाकरी आठवून जेवणं त्यांना कुणी शिकवायला नको. एक घास असा खा. बाकीचं जेवण नेहमीसारखं झालं तरी चालेल.

हात पुन्हा पोटावर आणा. या पोटाची एक गोष्ट पुण्यातच उलगडली. ती सावकाश ऐकण्यासारखी आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळं लहान, हडकुळी. पण मोजमाप घेतल्यावर दिसलं की त्यांच्यात कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघे दिसायला सडपातळ. उंचीच्या मानानं वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

हा आकडा घेऊन थोडं बसा. तो आपल्या घरातला आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्यापैकी अनेकांच्या आया-आज्या सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीवर जगल्या, खडी फोडायला गेल्या. अर्धपोटी आईच्या पोटात वाढलेलं बाळ आधी मेंदू सांभाळतं, चरबी जपतं आणि स्नायूंवर काटकसर करतं, असा या अभ्यासकांचा कयास आहे. तुमच्या हाताखालचं पोट हे निव्वळ वडापावाचं पोट नव्हे. टंचाईत जगून राहिलेल्या माणसांकडून ते आलंय. त्याच्याकडे रागानं बघण्यापूर्वी एकदा त्या माणसांकडे बघा. आजीचा चेहरा आणा डोळ्यांपुढे. तिचे हात. तिनं तुमच्यासाठी राखून ठेवलेला खाऊ.

आणि आता शेजारी बसलेल्या माणसाकडे बघा, डोळे मिटलेले असले तरी. तो तुमच्यापेक्षा बारीक असेल. ‘मला काय गरज आहे?’ असं त्याला वाटत असेल. याज्ञिकांच्या फोटोचा त्याच्यासाठी अर्थ असा, की त्याचा सडपातळपणा त्याला तेवढा राखत नाही. म्हणूनच आपल्याकडे पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की डॉक्टर सावध करतात, आणि बीएमआयची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ वरच ओढतात. माझ्या मते आपल्या भागात एकमेकांना धीर देण्याचा खरा पाया हाच आहे. जाड मित्र आणि बारीक मित्र एकाच वाटेवर आहेत. एकानं वर उभं राहून दुसऱ्याला सल्ला द्यायचा, अशी जागाच इथे नाही. बारीक मित्रानं स्वतःसाठी चालावं. जाड मित्राचं चालणं मग आपसूक सोबतीचं होतं, त्यात उपकार राहत नाहीत.

आता मनातल्या मनात ती वाक्यं ऐका, जी तुम्हाला ऐकवली गेली आहेत. ‘सुटलास की रे.’ ‘लग्नानंतर फारच भरलीस गं.’ ‘जरा कमी खात जा.’ ऐका, आणि पोटावरचा हात काय करतो ते बघा. बहुधा आवळतो. आता तुम्ही इतरांना म्हणालेली तशीच वाक्यं आठवा. दोन्हींवर सारखाच श्वास सोडा.

दुसऱ्या बाजूला आहे आपला आग्रह. ‘घे रे, एवढ्यानं काय होतंय.’ ‘एक तरी घ्या, माझी शपथ.’ दिवाळीत फराळाची ताटली, गणपतीत मोदक, गावाहून परतताना बांधून दिलेल्या पुरणपोळ्या. एकादशीच्या उपासालाही साबुदाण्याची खिचडी दुसऱ्यांदा वाढली जाते, आणि तिच्यात तूप आणि दाण्याचं कूट भरपूर असतं. हा आग्रह वाईट नाही. घरात पुरेसं नसतानाच्या काळात दुसऱ्याच्या ताटात वाढणं ही प्रेमाची सगळ्यात मोठी खूण होती. ते प्रेम आजही तेवढंच आहे, फक्त ताटांत पुरेसं झालंय. तेव्हा ज्या बाईनं तुम्हाला वाढलं तिच्याकडे मनात बघा, आणि तिला म्हणा, ‘वहिनी, पोट भरलं. छान झालं होतं.’ जोरात म्हणून बघा. वाचणाऱ्यानं म्हणायचं, ‘बरं. मग चला, जरा पाय मोकळे करून येऊ.’ पुन्हा एकदा म्हणा दोघं. आग्रह तसाच राहिला, फक्त ताटातून पायांकडे गेला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते, म्हणून हा आग्रह अगदी मनापासून करावा.

धीर देण्याची ताकद किती असते, याचा एक अभ्यास चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ५३७ नोकरदार पुरुष त्यांनी घेतले. सगळ्यांना सुरुवातीला आहार-व्यायामाचा सल्ला दिला. त्यातल्या निम्म्यांना नंतर मोबाइलवर वारंवार साधे एसएमएस जात राहिले, काय खावं, किती हालचाल करावी, आणि ‘सोडू नका’ अशा आशयाचे. दोन वर्षांनी संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांना मधुमेह झाला, आणि मिळालेल्यांपैकी १८ टक्के. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. ते नुसते लिहिलेले संदेश होते. तुमचा फोन आला तर त्यात तुमचा आवाज असेल.

आपल्या महाराष्ट्रात असं एकमेकांना धीर देणं व्हॉट्सअॅपवर घडलं. डॉ. श्रीकांत जिचकारांची कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे नेली. दिवसात दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, आणि रोज पाऊण तास चालायचं. त्यांच्या मोहिमेच्या गटांवर माणसं आपलं वजन आणि कंबर कळवत राहिली, आणि अनोळखी माणसं त्यांना शाबासकी देत राहिली. या पद्धतीवर आहारतज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, आणि ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. साखर एकदम उतरू शकते. पाळी बदलणाऱ्यांनी तर जास्तच विचारून करावं. पण त्या गटांत लोकांना काय सापडलं ते मला फार मोलाचं वाटतं. संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडावासा वाटतो तेव्हा आपल्यासारखंच आणखी कुणीतरी आत्ता डबा बंद ठेवून बसलंय, हे कळणं.

ते कुणीतरी आत्ता मनात आणा. नाव घ्या. कुठे असेल ती व्यक्ती या क्षणी? कामावर? तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या जाममध्ये बसमध्ये उभी? झोपलेली? ती जिथे असेल तिथे तिला बरं वाटावं, असं नुसतं म्हणा. तिच्या वजनाबद्दल काही मागू नका.

आणि मोडलेले दिवसही आठवा, कारण ते आहेतच. सलग दोन पाळ्यांचा ओव्हरटाइम, उतरल्यावर चौकातला वडापाव, रविवारी मटण, मग सोमवारी काट्यावर दीड किलो जास्त. त्या दीड किलोतलं बरंचसं पाणी आणि मीठ असतं, चरबी एका रविवारात तेवढी चढत नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी ते नीट उतरतंय असं समजा. ऐंशी किलोच्या माणसानं चार-पाच किलो कमी केले आणि तिथे टिकवले, तरी रक्तदाब आणि साखर यांवर फरक दिसू लागतो. मित्र मोडलेल्या दिवसाबद्दल सांगेल तेव्हा ‘का खाल्लंस?’ असं विचारू नका. ‘झोपला होतास का नीट?’ असं विचारा. बहुतेक वेळा खरं उत्तर तिथेच सापडतं.

आता उठा, सावकाश. शक्य असेल तर बाहेर चला, नाहीतर मनात चला. निगडीत राहत असाल तर दुर्गा टेकडीची पायवाट घ्या, लांब जाता आलं तर घोरावडेश्वराच्या पायऱ्या. चालताना पहिली काही मिनिटं काही बोलू नका. पाऊल टाचेवर पडतं, तळव्यावरून पुढे येतं, बोटांवरून उचलतं. शेजारच्याचं पाऊल ऐका. दोघांत जो हळू चालतो त्याच्या वेगानं चाला. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी आपल्याच आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला थांबते. त्या दिंड्यांत डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी असते, पाय सुजलेला शेतकरी असतो, नुकतंच लग्न झालेलं जोडपं असतं. कुणाची कंबर किती हे कुणी विचारत नाही. एकमेकांना माऊली म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात आणि टाळाच्या ठेक्यात चालत राहतात. मागे पडलेल्याला पाणी देणारा कुणीतरी निघतोच. तुम्ही दोघंच असलात तरी तसं चालता येतं. चढ लागला आणि बोलताना धाप लागली तर वेग थोडा कमी करा, थांबू नका.

चालून झाल्यावर एक व्यवहार ठरवून टाका, कारण धीर देण्याची इच्छा सगळ्यांनाच असते, अडतं ते वेळेवर. दोघांच्या पाळ्यांचा महिन्याचा तक्ता एकमेकांना पाठवा. पहिली पाळी असेल तर फोन संध्याकाळी, घरी पोचून अंघोळ झाल्यावर करा, कारण फरसाणाची वेळ तीच. दुसरी पाळी असेल तर दुपारी बाराच्या आधी, डबा भरला जात असताना. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा मुळीच फोन करू नका. त्याला झोपू द्या, आणि शेजारच्या पोरांनाही जिन्यात हळू बोलायला सांगा. त्याच्यासाठी एक छोटा मेसेज पहाटे तीनला पोचेल असा लावून ठेवा. त्यात सल्ला नको. ‘जागा आहेस ना? उतरल्यावर गेटपासून घरापर्यंत चालत जाऊ, मी येतो’ एवढं लिहा, आणि खरंच जा.